मांडी आणि पेटारा

पेडणे तालुक्यातील मोपाच्या सड्यावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी विमाने सुरू झाली, तेव्हापासून त्या भागातील आपल्या लोकांच्या बोलण्यात एक नवाच विषय शिरला आहे. पूर्वी गोव्यातून विमानाने जायचे म्हणजे मांडवी आणि जुवारी ओलांडून दाबोळी गाठावी लागे. बहुतेकांना त्याचे कारणही पडत नसे, एस.टी. होती, आणि १९९८ पासून कोकण रेल्वे होती. आता विमान घराच्या अंगणातून दिसते. जे दिसते ते हळूहळू आपल्याही वाट्याला येते. म्हाताऱ्या आईला मुलाकडे पोचवायचे, बाळंतीण माहेराहून परत न्यायची, अशा साध्या कामांसाठी साधी माणसे विमानात बसू लागली आहेत, आणि त्यांच्या मांडीवर त्यांची मुले.

गेल्या वर्षी पेडण्यातील एका घरी आम्ही पाचसहा कुटुंबे प्रार्थनेसाठी जमलो होतो. घर मूळचे कोल्हापूरकडील, नोकरीनिमित्त इकडे आलेले. मुलगा हैदराबादेत कामाला लागला होता आणि सून चौदा महिन्यांच्या बाळाला घेऊन त्याच्याकडे निघाली होती. विमानात ती जन्मात पहिल्यांदाच बसणार होती. प्रार्थना आटोपली, चहा झाला, आणि तिने मला विचारले, "काका, बाळासाठी वेगळी जागा घ्यावी का हो? दोन वर्षांच्या आतले मूल मांडीवर नेता येते म्हणतात. तसे नेले तर थोडक्यात भागते. वेगळी जागा घ्यायची तर जवळजवळ माझ्या तिकिटाइतकेच पैसे."

मी तोंड उघडण्याआधीच तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगात दुसरी कुठली?" सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. सासरे म्हणाले, "आणि आता प्रार्थना केली आहे ना? मग कसली चिंता?" यावर कोण काय बोलणार? विषय संपला.

घरी आल्यावर मात्र मला त्या मान डोलावण्याची लाज वाटू लागली. त्या माउलीचे म्हणणे मनाला पटणारे होते, पण खरे होते काय? प्रीतीला जे पटते ते नेहमी खरे असते काय? वरवर पाहता हा तिकिटाचा प्रश्न. पण मूल वाढवणाऱ्या प्रत्येकाला आणि शब्बाथशाळेत दुसऱ्यांची मुले हाताखाली घेणाऱ्या प्रत्येकाला तो कुठे ना कुठे भेटतोच.

विमान उडण्यापूर्वी काय चालते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांनी आठवावे. चहाचे पेले गोळा करतात. पुढच्या आसनाचा फळा मिटवायला लावतात. पायाजवळची पिशवी आसनाखाली सरकवायला सांगतात. मोठ्या माणसांचे पट्टे एकेक करून तपासतात. काहीही सुटे राहू नये, कारण जोराचा धक्का बसला तर सुटी वस्तू दगडासारखी फेकली जाते. या साऱ्या बांधाबांधीत स्वतःचे आसन नसलेला एकच जीव उरतो, तो मांडीवरचा. आपल्याकडे आईच्या पट्ट्यात ओवायचा एक छोटा पट्टा बाळासाठी देतात. त्याने बाळ हातातून उडून जात नाही, हा लाभ खरा. परंतु मोठा झटका बसलाच तर आईचे सगळे अंग पुढे वाकते आणि मध्ये बाळ सापडते. या कारणाने अमेरिकेत विमान उडताना व उतरताना असा पट्टा लावायला मनाई आहे. युरोपात तो चालतो. म्हणजे जाणत्यांचेही यात एकमत नाही. पण नुसत्या हातांच्या बाबतीत दुमत नाही. दहा किलोंचे मूल नऊपट जोराच्या झटक्यात नव्वद किलोंचे होते. नव्वद किलोंचे पोते एकाएकी पुढे फेकले गेले तर ते कोणाच्या हातांनी धरून ठेवले आहे? यासाठी फार मोठा अपघातच व्हावा लागतो असेही नाही. हवेच्या खळग्यात विमान क्षणभर खाली जाते तेव्हा न बांधलेली माणसे छतावर आपटतात.

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या एका विमानाचे शेपटाकडील इंजिन आकाशात फुटले आणि विमान वळवण्याची सारी यंत्रणा निकामी झाली. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करीत ते आयोवा राज्यातील सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत कसेबसे आणले. विमानात २९६ माणसे होती. ११२ दगावली, १८४ वाचली. चार मुले आईबापांच्या मांडीवर होती. त्या काळच्या शिकवणुकीप्रमाणे विमानातील सेविकांच्या प्रमुख जॅन ब्राउन यांनी पालकांना सांगितले की, मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा आणि हातांनी धरून ठेवा. विमान आदळले तेव्हा धरून ठेवणे सर्वांना जमले नाही. दोन वर्षांच्या आतला एक मुलगा गेला. त्याची आई जळत्या विमानातून बाहेर पडली आणि त्याला शोधायला पुन्हा आत शिरू पाहत होती. तिला अडवायला समोर उभ्या होत्या जॅन ब्राउनच. आपण दिलेल्या सूचनेचे फळ त्या बाईंनी त्या मातेच्या चेहऱ्यावर पाहिले, आणि पुढची कित्येक वर्षे त्या एकच मागणी करीत राहिल्या: प्रत्येक मुलाला स्वतःचे आसन आणि स्वतःचा पट्टा असावा.

त्या मातेची प्रीती उणी होती असे कोणाला म्हणता येईल काय? हात उणे पडले.

आता सासऱ्यांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण आपल्या मंडळ्यांत तो वारंवार ऐकू येतो. प्रार्थना केली, मग पट्टा कशाला? आपल्या मराठी मिशनच्या आरंभीच्या सेवकांपैकी सॅम्युएल नेवेल हे एक. १८१२ साली ते पत्नी हॅरिएटसह कलकत्त्याला आले. कंपनी सरकारने त्यांना राहू दिले नाही, म्हणून ते जहाजाने मॉरिशसकडे निघाले. वाटेत समुद्रावर हॅरिएटबाईंना मुलगी झाली आणि पाच दिवसांत ती मरण पावली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएटबाईही गेल्या. त्या वेळी त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. पुढे १८१४ साली नेवेलसाहेब एकटेच मुंबईला पोचले. त्या जहाजावर प्रार्थनेची उणीव होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. उणीव होती ती औषधाची, निवाऱ्याची, त्या काळी कोणाजवळच नसलेल्या ज्ञानाची. ते ज्ञान आज देवाने आपल्या हाती दिले असता ते बाजूला सारून आपण भरवसा म्हणतो, तेव्हा प्रभूच्या परीक्षेची गोष्ट आठवावी. सैतानाने त्याला मंदिराच्या शिरोभागी उभे केले आणि म्हटले, उडी टाक, दूत तुला हातांवर झेलतील. वचन शास्त्रातलेच होते. तरीही प्रभूने उडी टाकली नाही.

आणि शास्त्रात एक आई आहे, जिची गोष्ट आपण मुलांना दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी अर्धीच सांगतो. योखेबेदने मोशेला तीन महिने लपवून ठेवले. त्यापुढे लपवणे अशक्य झाले तेव्हा ती त्याला उराशी आणखी घट्ट धरून बसली नाही. तिने लव्हाळ्यांचा पेटारा घेतला, त्याला डांबर आणि राळ चोपडली, मग मूल त्यात ठेवले. शब्बाथशाळेत आपण तो पेटारा मुलांना रंगवायला देतो, वर गोंडस बाळ काढतो, आणि डांबराचा शब्दही उच्चारत नाही. माझ्या मते गोष्टीचा जीव त्या डांबरात आहे. लव्हाळे पाणी शोषते, डांबर ते रोखते, हे त्या बाईला ठाऊक होते. फटी कुठे राहतात ते तिने बोटांनी चाचपून पाहिले असेल. मूल हातावेगळे करताना तिचे काय झाले असेल ते आयांनीच सांगावे. पण केवळ मिठीने ते वाचणार नाही हे तिने ओळखले होते, आणि मुलाला पेटाऱ्यात ठेवल्यावरही त्याच्या बहिणीला लांब उभे करून नजर ठेवायला लावले होते. शलमोनापुढे आलेल्या दोन बायकांतली खरी आई राजाने कशावरून ओळखली? मूल जगावे म्हणून हात सोडायला तयार झाली, त्यावरून.

फिलिप्पैकरांस लिहिताना पौल प्रार्थना करतो ती त्यांची प्रीती वाढावी एवढीच नव्हे. ती ज्ञानात आणि विवेकात वाढावी, अशी आहे. हे वाक्य आपण लग्नाच्या उपासनेत वाचतो आणि पुढे जातो.

विमानात आणखी एक सूचना देतात, आणि ती आयांना सर्वांत कठीण वाटते. आतील हवेचा दाब कमी झाला तर वरून प्राणवायूचे मुखवटे खाली लोंबतील. आधी स्वतःला लावा, मग मुलाला. त्या सुनेने हे कोणाकडून तरी ऐकले होते, आणि ती म्हणाली होती, "मला नाही जमायचे. मी आधी बाळालाच लावणार." सारेच असे म्हणतील. पण पस्तीस हजार फुटांवर दाब एकदम गेला तर माणूस शुद्धीवर राहून काम करू शकतो तो वेळ एक मिनिटभर, बहुधा त्याहूनही कमी. त्यात मूल मान हलवते, मुखवटा ओढून काढते. आई बेशुद्ध पडली तर बाळाला मुखवटा लावणारे कोणी उरत नाही. ही केवळ कल्पना नव्हे. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात दाब राखणारी कळ चालू करायची राहून गेली, मुखवटे खाली आले, आणि १६६ प्रवाशांपैकी सुमारे तिसांच्या नाकाकानांतून रक्त आले किंवा डोके दुखू लागले. विमान परत मुंबईला उतरले. तेव्हा 'आधी स्वतः' हे शब्द ऐकून कोणी दचकू नये. येथे आईचा श्वास हाच मुलाचा पेटारा आहे.

मग प्रत्येक मुलाला वेगळे आसन हवेच, असा कायदा का नाही? येथे प्रश्न खरोखर अवघड होतो. सू सिटीनंतर अमेरिकेतील अपघातांचा तपास करणाऱ्या मंडळाने १९९० साली तशी सक्ती करण्याची शिफारस केली. विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या खात्याने हिशेब मांडला: सक्ती केली तर तान्ह्या मुलांच्या आईबापांना जास्त पैसे पडतील, त्यातले काही जण विमान सोडून मोटारीने जातील, रस्त्यावर मरण्याचा धोका विमानाहून पुष्कळ जास्त, म्हणजे विमानात जितकी मुले वाचतील त्याहून अधिक माणसे रस्त्यावर मरतील. तपास मंडळाला हा हिशेब पटला नाही. तरीही २००५ साली खात्याने सक्तीचा विचार सोडून दिला. वेगळे आसन घ्या, असा सल्ला मात्र ते आजही देते.

मी हे प्रथम वाचले तेव्हा मला संताप आला आणि कयफा आठवला. सर्व लोकांसाठी एकाने मरावे हे बरे, असे त्याने सभेला समजावले होते. मरणारा दुसरा असला की हे गणित फार सोपे वाटते. ज्या मोपाच्या सड्यावरून आपण उडतो तेथेही असे गणित झालेच आहे. काहींच्या काजूच्या बागा गेल्या, काही धनगर कुटुंबांना वस्ती हलवावी लागली, आणि सोय झाली ती आपली. या गणिताच्या विरुद्ध आपण नव्याण्णव मेंढरे रानात सोडून एकाच्या मागे जाणारा मेंढपाळ उभा करतो आणि म्हणतो, बघा, प्रीती हिशेब करत नाही.

पण दाखला पुन्हा वाचा. मेंढपाळाने मोजले नसते तर एक हरवले आहे हे त्याला कळले असते का? त्यानेही मोजणी केली, रोज संध्याकाळी करत असणार. कयफा मोजतो ते कोणाला गमवायचे हे ठरवण्यासाठी. मेंढपाळ मोजतो ते कोण दिसत नाही हे पाहण्यासाठी. आकडे तेच असतील, मोजणाराचे मन निराळे. त्या खात्याचा हिशेब बरोबर होता की चूक, हे सांगण्याइतका मी तज्ज्ञ नाही. मात्र त्याने जी मुले विमानात दिसत नाहीत, रस्त्यावरच्या मोटारीत आहेत, ती मोजण्याचा प्रयत्न केला, हे मला दुसऱ्या वाचनात दिसले. माझ्या संतापात ती मुले नव्हतीच.

आणि यामुळेच मला त्या संध्याकाळचा राहिलेला भाग आठवला. तो लिहायला जड जाते. विमानातील आसनाची एवढी चर्चा करून आम्ही उठलो. सासऱ्यांनी अंगणात स्कूटर सुरू केली. सुनेला आणि नातवाला बाजारात जायचे होते. बाळ पुढे, हँडलला धरून उभे. सून मागे, एका बाजूला पाय टाकून. डोक्यावर कोणाच्या काही नाही. आम्ही सर्वांनी हात हलवून निरोप दिला. बाळानेही हँडलवरचा एक हात काढून टाटा केला. आम्हाला त्याचे कौतुक वाटले.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. विमानाच्या अपघाताने आपण हादरतो, आणि हादरावेच. अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी विमानातील २४२ जणांपैकी एकच वाचला. अशा वेळी कोणते आसन आणि कोणता पट्टा हा प्रश्नही उरत नाही. पण जे क्वचित घडते त्याची आपल्याला भीती वाटते, आणि जे रोज अंगणातून निघते त्याला आपण हात हलवतो. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, डोक्यावर हेल्मेट हवे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा नियम केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढला आणि तो एका वर्षाने लागू झाला. आपल्या मंडळीतल्या किती जणांना तो ठाऊक आहे? रविवारी देवळाच्या दारात उभे राहून पाहावे.

दुसऱ्या दिवशी मी त्या घरी पुन्हा गेलो. मला आता जे वाटत होते ते सांगितले, आणि स्कूटरबद्दल मी गप्प राहिलो होतो हेही सांगितले. विमानाच्या बाबतीत माझे म्हणणे असे होते: पैसे असतील तर वेगळी जागा घ्यावी, आणि मुलाची कोणती खुर्ची चालते ते विमान कंपनीला आधी विचारावे, कारण प्रत्येक खुर्ची चालत नाही. पैसे नसतील तर मांडीवर न्यावे, देतील तो पट्टा लावावा, झोपेतही सोडू नये, आणि मनाला टोचणी लावून घेऊ नये. विमानाचा प्रवास मुळात रस्त्यापेक्षा कितीतरी निर्धोक आहे. मांडीवर मूल घेतलेल्या गरीब आईला दोषी ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही. एखाद्या मंडळीने अशा आईच्या दुसऱ्या तिकिटाचा भार उचलला तर गोष्ट निराळी. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात एकमेकांची ओझी वाहण्यास सांगितले आहे, त्यात हेही बसते. सासूबाई काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मांडी पुरत नाही तर." मी म्हटले, "वहिनी, मांडी पुरत नाही, पण लागते." उतरताना बाळाचे कान दुखतात, तेव्हा त्याला अंगावर पाजावे, गिळताना कान मोकळे होतात. ते पेटाऱ्याला जमत नाही.

सुनेची शेवटची धास्ती वेगळीच होती. बाळ रडले तर लोक काय म्हणतील? खरे सांगायचे तर मला अपघाताहून हा प्रश्न जास्त लागला, कारण विमानातले लोक कसे वागतील ते तिला ठाऊक नव्हते, पण देवळातले ठाऊक होते. उपदेश चालू असता तिचे बाळ रडले की माना वळतात, आणि ती उठून व्हरांड्यात जाते. प्रभूकडे बाळके आणणाऱ्यांना शिष्यांनी दटावले, ते वाईट माणसे होते म्हणून नव्हे. त्यांनाही उपदेश नीट ऐकायचा होता. प्रभू मात्र शिष्यांवर रागावला. सू सिटीच्या त्या धुरात जेरी शेमेल नावाचा एक प्रवासी विमानाबाहेर पडला होता, तोच त्याला आत बाळाचे रडणे ऐकू आले. तो मागे वळला, आणि सामानाच्या कप्प्यात फेकल्या गेलेल्या अकरा महिन्यांच्या मुलीला घेऊन बाहेर आला. ती रडत नसती तर तिचा पत्ता त्याला लागला नसता. हे तिला सांगितले तेव्हा ती प्रथमच हसली.

तिने वेगळी जागा घेतली नाही. तेवढे पैसे जमले नाहीत, आणि मंडळीला विचारायला तिला संकोच वाटला. याचा दोष माझ्याकडेही येतो, कारण विचारण्याआधी देता आले असते. हैदराबादला पोचल्यावर तिचा फोन आला. बाळ उतरताना रडले. शेजारच्या आसनावरील एका बाईंनी, ज्यांची भाषा हिला येत नव्हती, किल्ल्यांचा जुडगा वाजवून त्याला गप्प केले. सासूबाईंनी फोन हातात घेतला तो पहिला प्रश्न विचारला, "पट्टा लावला होतास ना?" दुसरा प्रश्न, विमानतळावरून घरी कशाने गेलात.

नाताळला नातू येणार आहे. पेडण्याच्या बाजारात एवढ्या लहान डोक्याचे हेल्मेट मिळाले नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळते का ते पाहायला सासरे जाणार होते, स्कूटर घेऊन.